करारांतील सद्भावाचें कर्तव्य

बैलबाजारांत उपरण्याखालीं बोटें धरून सौदा ठरतो, तेव्हां विकणारा आपल्या बैलाचे गुण सांगतो. खोडी सांगत नाहीं. घेणाराहि त्याच्या सांगण्यावर विसंबत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो, आणि जूं मानेवर ठेवून चार पावलें चालवून घेतो. इतकें करूनहि बैल घरीं आल्यावर औतांत बसूं लागला, तर गांवकरी हसतात आणि 'पाहून घ्यावयाचा होता' एवढेंच म्हणतात. हा बाजाराचा न्याय झाला; आणि पुष्कळांस ठाऊक नसेल, पण न्यायकचेरीचा न्यायहि बहुतेक हाच आहे. मात्र हाच न्याय मनांत धरून जो शेतकरी विम्याच्या कागदावर सही करितो, किंवा जमिनीचें खरेदीखत करून देतो, तो अडचणींत येतो. कारण कांहीं व्यवहारांत गप्प बसणें कायदेशीर असतें, आणि कांहींत तेंच गप्प बसणें कपट ठरतें. ही सीमा कोठें पडते तें सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

आपल्याकडील करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमांत कपट म्हणजे काय तें सांगितलें आहे. खोटें आहे हें माहीत असून एखादी गोष्ट खरी म्हणून सांगणें, माहीत असलेली गोष्ट युक्तीनें झांकून टाकणें, पाळावयाचें नाहीं असें मनांत ठेवूनच वचन देणें, हें सर्व कपटांत येतें. तेव्हां बैलाच्या खांद्यावरील आवाळू कांहींतरी लेप देऊन छपविलें, किंवा शिंगें घासून वय लपविलें, तर तें नुसतें मौन राहत नाहीं. तें झांकणें होतें. परंतु त्याच कलमाला जोडलेला खुलासा असें सांगतो कीं, केवळ मौन हें कपट नव्हे. त्याला अपवाद दोनच. एक, प्रसंग असा असावा कीं, बोलणें हें त्या माणसाचें कर्तव्य आहे. किंवा दुसरा, त्याचें मौन हेंच बोलण्यासारखें असावें.

कायदा करणारांनीं येथें घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत. एकानें आपला सदोष घोडा लिलावांत विकला; दोष त्याला ठाऊक होता, पण तो कांहीं बोलला नाहीं. हें कपट नव्हे. घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर मात्र बापानें दोष सांगितलाच पाहिजे. आणि घेणारा जर म्हणाला कीं, 'तुम्ही नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन,' आणि विकणारा तरीहि गप्प राहिला, तर तें मौन शब्दाच्याच किंमतीचें धरलें जाईल. आमच्या शेतकरी बंधूंनीं यांतील तिसरें उदाहरण विशेष ध्यानांत ठेवावें. चार माणसांदेखत विचारलेला एक सरळ प्रश्न विकणाराच्या मौनाचा सगळा अर्थ बदलून टाकितो, आणि त्यास पैसा पडत नाहीं.

ही भिन्नता कां असावी? बैल दोघांच्याहि समोर उभा असतो. त्याला चालवून पाहण्यास, जाणत्या माणसाकडून तपासून घेण्यास कोणी अडवीत नाहीं. जेथें माहिती दोघांच्याहि आवांक्यांतली आहे, तेथें कायदा कोणाचा हात धरीत नाहीं. परंतु कित्येक व्यवहारांत सौद्याची बाबच अशी असते कीं, तिचें ज्ञान एकाच्याच पोटांत राहतें. दुसऱ्यास तें मिळविण्याचा मार्ग नसतो. अशा ठिकाणीं ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्यानें न विचारतां बोललें पाहिजे. विम्याच्या कायद्यांत याला परम सद्भावाचें कर्तव्य म्हणतात.

हें तत्त्व ज्या निकालांत स्पष्टपणें मांडलें गेलें, तो निकाल १७६६ सालीं लंडन येथें लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांनीं दिला. प्रकरण मोठें चमत्कारिक होतें. सुमात्रा बेटावर बेंकूलन येथें ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नांवाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याच्यासाठीं त्याच्या भावानें लंडनांत विमा उतरविला. अट अशी कीं, १७५९ च्या ऑक्टोबरपासून एक वर्षाच्या आंत किल्ला युरोपियन शत्रूच्या हातीं पडला, तर नुकसान भरून मिळावें. १७६० च्या एप्रिलांत फ्रेंच आरमारानें किल्ला घेतला. विमा घेणारा बोम नांवाचा गृहस्थ पैसे देईना. त्याचें म्हणणें असें कीं, किल्ला दुबळा आहे आणि फ्रेंचांचा त्यावर डोळा आहे, या दोन्ही गोष्टी गव्हर्नरास ठाऊक असून त्यानें त्या सांगितल्या नाहींत.

न्यायाधीशांनीं प्रथम तत्त्व सांगितलें. विमा हा संभवावरील सौदा आहे. तो संभव ज्या गोष्टींवरून अजमावावयाचा, त्या बहुधा विमा उतरविणाराच्याच माहितीच्या असतात; दुसरा पक्ष त्याच्या सांगण्यावर भरंवसा ठेवून हप्ता ठरवितो. म्हणून अशी गोष्ट दडविली गेली, मग ती नजरचुकीनें कां होईना, तर दुसऱ्यानें पत्करलेली जोखीम आणि खरी जोखीम या दोन निराळ्या ठरतात व करार टिकत नाहीं. येथवर वाचून गव्हर्नर हरला असें कोणासहि वाटेल. पण तो जिंकला. किल्ला तेथील रहिवाशांपासून बचाव होण्यापुरताच बांधलेला आहे, युरोपियन तोफांपुढें टिकणारा नाहीं, हें लंडनांत विचारून कळण्यासारखें होतें; आणि फ्रेंच आरमार कोणीकडे वळेल याचा अंदाज सुमात्रांत बसलेल्या माणसापेक्षां लंडनांतील माणसास अधिक चांगला करितां येत होता. शिवाय खुद्द गव्हर्नरासाठींच विमा उतरविला जात आहे हें दिसत असतां ज्यानें एकहि प्रश्न विचारला नाहीं, हप्ता मुकाट्यानें घेतला, आणि किल्ला पडल्यावर 'मला सांगितलें नव्हतें' असें म्हटलें, त्याच्याच सद्भावाविषयीं शंका घ्यावी लागते. या निकालाचा पहिला अर्धा भाग विमा कंपन्यांच्या वकिलांस तोंडपाठ असतो. दुसरा अर्धा विमेदारांनीं पाठ करावा असें आम्हांस वाटतें.

आतां सुमात्रा सोडून शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊं. आयुष्याचा विमा उतरवितांना प्रस्तावाचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यांत मागील आजार, रुग्णालयांतील मुक्काम, शस्त्रक्रिया, साखर व रक्तदाब, तंबाखू-बिडी व दारू, आणि पूर्वीं उतरविलेले दुसरे विमे यांविषयीं प्रश्न असतात. यांपैकीं महत्त्वाची गोष्ट कोणती? जी ऐकून एखादा समंजस विमाकार विमा घ्यावा कीं न घ्यावा, किंवा हप्ता किती ठेवावा, याविषयीं आपलें मत बदलील, ती महत्त्वाची. ती आपल्या मतें किरकोळ होती, हें म्हणणें चालत नाहीं. मात्र जें आपणांस ठाऊकच नाहीं, तें सांगण्याचें कर्तव्यहि नाहीं. पोटांत रोग वाढत होता पण वैद्यानें तो कधीं ओळखला नाहीं, तर विमेदारानें कांहीं दडविलें असें होत नाहीं.

खेडेगांवांत खरी अडचण येते ती निराळीच. फॉर्म भरतो एजंट. प्रश्न बारीक अक्षरांत, पुष्कळदां इंग्रजींत, असतात. एजंट सर्व रकान्यांत 'नाहीं' लिहितो आणि बोट ठेवून 'येथें सही करा' म्हणतो. त्याला तोंडीं सांगितलेलें असतें कीं, दोन वर्षांपूर्वीं छातींत दुखून तालुक्याच्या दवाखान्यांत चार दिवस काढले होते. तो म्हणतो, 'त्याचें काय एवढें!' पुढें घरधनी गेल्यावर कंपनी दवाखान्याचे कागद मिळविते, आणि पत्नीच्या हातीं नकाराचें पत्र येतें. एजंटाला सांगितलें होतें हें ती कशानें सिद्ध करणार? सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं एका प्रकरणांत, जेथें दुसऱ्या कंपनीकडील आधींचा विमा फॉर्मांत दाखविला नव्हता, असें ठरविलें आहे कीं, ज्यानें फॉर्मावर सही केली त्यास 'मीं तो वाचला नव्हता' किंवा 'मला तो समजला नव्हता' असें म्हणून सामान्यतः सुटतां येत नाहीं. हा निकाल कठोर आहे, आणि ज्या देशांत इतके लोक दुसऱ्याकडून कागद भरून घेतात तेथें तो विशेषच कठोर वाटतो. परंतु आज कायदा असा आहे. तेव्हां सही करण्यापूर्वीं घरांतील शिकलेल्या मुलास किंवा सुनेस प्रत्येक प्रश्न मोठ्यानें वाचावयास सांगावा. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्यावी. ती मिळण्याचा विमेदारास हक्क आहे. पॉलिसी हातीं पडल्यावर ती व ही प्रत ताडून पाहावी. २०२४ सालच्या नियमांप्रमाणें आयुष्याच्या विम्याची पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत ती परत करतां येते. चुकीचें उत्तर आढळलें तर कंपनीस लेखी कळवून तें दुरुस्त करून घेण्याची वेळ हीच.

विमेदाराच्या बाजूनें कायद्यानें एक कुंपण घातलें आहे, तें १९३८ सालच्या विमा कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमांत. पूर्वीं त्यांत दोन वर्षांची मुदत असे, आणि ती उलटल्यावरहि विमेदारानें जाणूनबुजून कपट केलें असें दाखवितां आलें तर कंपनी सुटत असे. २०१५ सालच्या दुरुस्तीनें मुदत तीन वर्षांची झाली. परंतु तीन वर्षें पुरीं झाल्यावर आयुष्याच्या विम्यावर कोणत्याहि कारणानें आक्षेप घेतां येत नाहीं, असा पक्का नियम झाला. तीन वर्षांच्या आंत आक्षेप घेतला, आणि विमेदाराचें कपट नसून केवळ चुकीचें विधान निघालें, तर भरलेले हप्ते कंपनीनें परत दिले पाहिजेत.

येथें शेतकऱ्यानें जपण्याची एक जागा आहे, आणि तिच्याविषयीं एजंट सहसा बोलत नाहींत. हीं तीन वर्षें पॉलिसीच्या पहिल्या तारखेपासूनच मोजतात असें नाहीं. पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हां चालू केल्याची, यांपैकीं जी तारीख सर्वांत मागाहूनची, तेथून तीं मोजतात. पगारदाराचा हप्ता पगारांतून कापला जातो. शेतकऱ्याचा हप्ता पावसावर अवलंबून असतो. दुष्काळाच्या सालीं हप्ता चुकतो, पॉलिसी बंद पडते, आणि पुढल्या सुगीनंतर थकलेली रक्कम व्याजासह भरून ती पुन्हां चालू करितात. त्या वेळीं प्रकृतीविषयीं नवें निवेदन द्यावें लागतें. शेतकऱ्यास वाटतें, विमा तर दहा वर्षांपूर्वींचा आहे, आतां कसला धोका? पण घड्याळ पुन्हां शून्यावर आलेलें असतें. मधल्या काळांत मधुमेह उद्भवला असेल आणि नव्या निवेदनांत तो लिहिला नसेल, तर दहा वर्षांची पॉलिसीहि कालच्या पॉलिसीइतकीच उघडी पडते.

१९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढलेलें एक प्रकरण या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. विमा १९४५ सालीं उतरविलेला. मध्यें तो बंद पडून १९४६ च्या जुलैंत पुन्हां चालू झाला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विमेदार वारला. प्रस्तावापूर्वीं थोड्याच काळांत गंभीर दुखण्यासाठीं डॉक्टरांचे उपचार झाले होते, आणि विमेदारानें त्यांचा उल्लेख केला नव्हता. न्यायालयानें हें जाणूनबुजून केलेलें कपट ठरविलें. विम्याची रक्कम तर गेलीच; पॉलिसींतील अटीप्रमाणें भरलेले हप्तेहि परत मिळाले नाहींत.

सद्भावाचें ओझें एकट्या विमेदारावर नाहीं. अमुक प्रसंगीं भरपाई मिळणार नाहीं, असे अपवाद कंपनी पॉलिसींत घालते. ते तिनें विमेदारास कळविले पाहिजेत. न कळविलेल्या अपवादाच्या आधारें भरपाई नाकारतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं सांगितलें. २०२१ सालच्या प्रकरणांत मधुमेह असल्याचें विमेदारानें आधींच कळविलें होतें, कंपनीनें तें जाणून पॉलिसी दिली, आणि परदेशांत त्यास हृदयविकाराचा झटका आल्यावर जुन्या प्रकृतीकडे बोट दाखविलें. न्यायालयानें कंपनीस ऐकविलें कीं, जोखीम तपासून पॉलिसी दिल्यावर जाहीर झालेल्या आजाराचें निमित्त सांगतां येणार नाहीं. लॉर्ड मॅन्सफील्डनीं बोमला जें म्हटलें, त्याहून हें फार वेगळें नाहीं. इंग्लंडांत तर २०१२ च्या कायद्यानें सामान्य माणसाच्या विम्यापुरतें न विचारतां सांगण्याचें कर्तव्यच काढून टाकिलें आहे. कंपनीनें स्पष्ट प्रश्न विचारावेत, आणि विमेदारानें काळजीपूर्वक व खरीं उत्तरें द्यावींत, एवढेंच तेथें उरलें. आपल्याकडेहि तसें व्हावें अशी आमची इच्छा आहे. नकाराचें पत्र आलें तर एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे तक्रार नेतां येते. तेथें फी लागत नाहीं व वकिलाची गरज नसते.

पिकाच्या विम्याकडे वळलें म्हणजे हेंच तत्त्व दुसऱ्या बाजूनें दिसतें. शेतांत काय पेरलें, खत किती घातलें, निंदणी केली कीं नाहीं, हें सर्व शेतकऱ्यासच ठाऊक. विमा कंपनीस हजारों शेतें रोज पाहतां येत नाहींत. म्हैसूर संस्थानांतील जे. एस. चक्रवर्ती यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत म्हणूनच प्रत्येकाचें पीक न पाहतां पावसाच्या मोजणीवर विमा बसविण्याची योजना मांडली होती. पाऊस कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो. तरी पुढें १९७२-७३ सालीं गुजराथेंत संकरित कापसावर शेतागणिक विम्याचा प्रयोग झाला व तो महाराष्ट्रासह इतर राज्यांतहि नेण्यांत आला. १९७८-७९ पर्यंत त्यांत ३,११० शेतकरी आले, हप्त्याचे ४.५४ लाख रुपये जमले, आणि भरपाईचे ३७.८८ लाख द्यावे लागले. सर्वच शेतकरी लबाड होते असा याचा अर्थ नव्हे. ज्याचें शेत धोक्याचें तोच विम्यास पुढें येतो, आणि नुकसान मोजावयाचें तें त्याच्याच सांगण्यावरून, अशा रचनेचा तो परिणाम होय. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर यांनीं १९७६ सालीं क्षेत्रावर आधारलेल्या विम्याचा पुरस्कार केला. सारख्या हवामानाच्या टापूंत पीक कापणीचे प्रयोग करावे. सरासरी उतारा ठरलेल्या उंबरठ्याखालीं गेला तर त्या टापूंतील सर्व विमेदारांस सारख्या प्रमाणांत भरपाई द्यावी. १९८५ पासूनच्या योजना मुख्यतः याच पायावर उभ्या आहेत, आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजनाहि. शेतकऱ्याच्या खाजगी ज्ञानाची गरजच कमी करून टाकावी, म्हणजे सद्भावाचा प्रश्न तितका कमी उरतो, अशी ही युक्ति आहे.

पण तो मुळींच उरत नाहीं असें नाहीं. कोणतें पीक, किती क्षेत्र, आणि जमीन कोणाची, हें अजूनहि अर्जदारच सांगतो. महाराष्ट्रांत २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यानें एकच रुपया भरावा व बाकीचा हप्ता सरकारनें द्यावा अशी योजना होती. तिच्यांत पीक नसलेल्या जमिनींवर, दुसऱ्याच्या नांवच्या गटांवर, कोठें शेतीच होत नाहीं अशा जागांवर फार मोठ्या संख्येनें अर्ज भरलेले आढळले. २०२५ सालीं ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्यास पुन्हां आपला हप्ता भरणें आलें. खोट्या हेक्टरांची भरपाई सरकारी तिजोरींतून जाते, आपलें काय जातें, असें म्हणणारे आमच्यांतच होते. त्यांचें कांहीं गेलें नाहीं. गेली ती ज्याची खरीच तूर वाळली होती त्या शेतकऱ्याची सवलत. अर्ज सेवा केंद्रावरील मुलगा भरतो हें खरें. तरी ई-पीक पाहणींत नोंदलेलें पीक आणि अर्जांतील पीक एकच आहे ना, हें मालकानें पावती हातीं घेऊन तेथेंच पाहावें.

जमिनीच्या व्यवहाराविषयीं थोडें सांगणें उरलें. बैलाचा न्याय जमिनीस लागू नाहीं. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ सालच्या कायद्याचें पंचावन्नावें कलम असें आहे कीं, जमिनींत किंवा आपल्या मालकीहक्कांत जो महत्त्वाचा दोष विकणारास ठाऊक आहे, घेणारास ठाऊक नाहीं, आणि साध्या दक्षतेनें घेणारास कळण्यासारखा नाहीं, तो विकणारानें सांगितलाच पाहिजे. न सांगणें हें कपट समजलें जाईल. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा नोंदलेला असेल, तर तो कोणासहि वाचतां येतो. परंतु विहिरीच्या पाण्याची भावाशीं ठरलेली व कोठेंहि न नोंदलेली पाळी, किंवा भूसंपादनाची घरीं आलेली पण दप्तरांत न चढलेली नोटीस, या गोष्टी विकणाराच्याच उशाखालीं असतात. त्या त्यानें काढून दाखविल्या पाहिजेत. हेंच कलम घेणारासहि बांधतें. विकणाराचा हक्क त्याच्या समजुतीपेक्षां मोठा आहे, उदाहरणार्थ चुलत्याच्या मृत्यूनें त्याचा वांटा वाढला आहे, हें घेणारास माहीत असून विकणारास तें माहीत नसावें असें मानण्यास कारण असेल, आणि त्यानें जमिनींतील त्याच्या हक्काची किंमत बरीच वाढत असेल, तर घेणारानें तें सांगितलें पाहिजे. मात्र गांवावरून नवा रस्ता जाणार आहे, अशी कोठून तरी लागलेली बातमी या कलमांत येत नाहीं, कारण ती विकणाराच्या हक्काची बाब नव्हे. हें कित्येकांस रुचणार नाहीं. म्हणूनच विकणारानें भाव ठरण्यापूर्वीं स्वतः तालुक्यास जाऊन चौकशी करावी.

जामिनकीचा करार विम्याइतका कडक नाहीं. धनकोनें कर्जदाराचा सर्व इतिहास वाचून दाखविलाच पाहिजे असें नाहीं. तरी करारांच्या कायद्याचें एकशें त्रेचाळिसावें कलम जामिनाच्या कामीं येणारें आहे. महत्त्वाच्या गोष्टीविषयीं मौन धरून मिळविलेली जामिनकी रद्दबातल ठरते. त्याखालील उदाहरण असें: धन्याचा वसुली कारकून पूर्वीं जमा रकमेचा हिशेब देण्यांत चुकला, धन्यानें त्याजकडून जामीन मागितला, पण नव्या जामिनास मागची अफरातफर सांगितली नाहीं, पुढें कारकून पुन्हां चुकला. जामीन बांधला जात नाहीं. सोसायटीच्या कर्जास शेजाऱ्यासाठीं उभे राहणारांनीं सहीपूर्वीं कर्जदाराच्या मागील थकबाकीविषयीं लेखी प्रश्न टाकावा, उत्तरहि लेखीच घ्यावें, आणि त्याची प्रत घरच्या पेटींत विम्याच्या फॉर्मच्या प्रतीशेजारीं ठेवावी.